काकांचा हात आणि नातीचा बिल्ला

दिवाळीत माझी धाकटी बहीण चार दिवस राहायला आली होती. सोबत तिची नातही होती. ही नात भौतिकशास्त्रात पीएच.डी. करते आहे. मला ती मावशीआजी म्हणते. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी फोनचा चार्जर शोधायला बहिणीनं तिच्या पिशवीत हात घातला आणि हाताला लागला एक चपटा प्लॅस्टिकचा बिल्ला. पुढे नंबर, मागे चिमटा.

"हे गं काय?"

"अगं आजी, बॅज आहे तो. लॅबमध्येच ठेवून यायचा असतो, चुकून आला माझ्याबरोबर. अंगावर रेडिएशन किती आलं ते कळतं त्यातून."

बहिणीनं तो बिल्ला चटका बसल्यासारखा टेबलावर टाकला. "तू तर लेसरवर काम करतेस ना? उजेडाचं काम म्हणाली होतीस! मग रेडिएशन कुठून आलं?"

"उजेडातूनच येतं गं," नात हसत म्हणाली. पण बहीण हसली नाही. रात्री अंथरुणं घालताना मला म्हणाली, "ताई, तिला सांग हे सोडायला. तुझं ऐकते ती."

घरच्यांना तिची भीती कळेल. बाकीच्या वाचकांसाठी सांगते. आमचे सगळ्यात मोठे काका जिल्ह्याच्या गावी एका दवाखान्यात एक्स-रे खात्यात होते. १९५०च्या दशकातली गोष्ट. क्षयाचे दिवस, रांगाच्या रांगा. तेव्हा पेशंटला पडद्यामागे उभं करून छाती बघायचे, त्याला 'स्क्रीनिंग' म्हणायचे. लहान मुलं अंधारात रडायची, हलायची. काका त्यांना हातांनी धरून ठेवायचे. हातमोजे नाहीत, बिल्ला नाही, काही नाही. हळूहळू त्यांच्या बोटांची कातडी काळी पडली, भेगा पडल्या, एक जखम भरेना. १९६४ साली उजव्या हाताची दोन बोटं काढली. १९६७ मध्ये काका गेले. मी तेव्हा शाळेत होते, बहीण माझ्याहून लहान. जेवताना काका डाव्या हातानं घास घ्यायचे आणि आम्हा मुलांना सांगायचे, "तुम्ही नाही हं असं जेवायचं." आम्ही दोघी ते विसरलेलो नाही.

तेव्हा बहिणीचं म्हणणं मला परकं नव्हतं. पण नातीला 'सोड' म्हणण्याआधी ते आहे तरी काय हे बघायला हवं होतं. मी आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला. विज्ञानाशी माझा संबंध एस.एस.सी.ला संपला. मात्र इतिहासाच्या मास्तरणीला एक खोड असते. गोष्ट कळली नाही की ती सुरू कुठून झाली ते बघायचं. नातीला दोन दुपारी समोर बसवलं, पुढचे दोन महिने फोनवरून छळलं. प्रश्न एकच होता, साध्या उजेडातून क्ष-किरण कसे निघतात? जे समजलं ते इथे लिहिते.

सुरुवात काकांच्या यंत्रापासूनच करावी लागते. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतल्या वुर्झबुर्ग गावी विल्हेल्म रॉन्टगेन हे प्राध्यापक काचेच्या निर्वात नळीत विजेचा प्रयोग करत होते. नळी काळ्या पुठ्ठ्यानं झाकलेली, तरी जरा लांब ठेवलेला रसायनाचा पडदा चमकू लागला. काहीतरी पुठ्ठ्यातून आरपार येत होतं. काय ते माहीत नाही, म्हणून त्यांनी नाव दिलं 'एक्स'. आपण त्याचं 'क्ष' केलं. डिसेंबरात त्यांनी पत्नीच्या हाताचा फोटो काढला. हाडं आणि बोटातली अंगठी! १९०१ साली भौतिकशास्त्राचं पहिलंवहिलं नोबेल त्यांना मिळालं.

त्या नळीत काय होत होतं? नळीच्या एका टोकाकडून इलेक्ट्रॉन सुसाट निघायचे आणि समोर काचेवर किंवा धातूवर आपटायचे. सुसाट जाणारा इलेक्ट्रॉन अणूच्या गाभ्याजवळून जाताना ओढला जातो, वळतो, त्याचा वेग एकदम कमी होतो. गेलेल्या वेगाची ऊर्जा किरण होऊन बाहेर पडते. जर्मन भाषेत याला ब्रेमश्ट्रालुंग म्हणतात, म्हणजे ब्रेक लागल्यानं निघालेले किरण. एस.टी.नं करकचून ब्रेक लावला की टायरचा वास सुटतो, तसं हे इलेक्ट्रॉनचं. काकांच्या यंत्रातले बरेचसे किरण असेच ब्रेकचे.

ही शोधाची बाजू झाली. दुसरी बाजू शाळेच्या पुस्तकात आम्ही कधी शिकवली नाही. रॉन्टगेनची बातमी पसरताच अमेरिकेत एडिसनच्या कारखान्यातही क्ष-किरणांचे प्रयोग सुरू झाले. क्लॅरेन्स डॅली हा त्याचा सहाय्यक नळ्या तपासायला स्वतःचे हात किरणांत धरायचा. हात सडले, कापावे लागले, १९०४ साली तो गेला. एडिसननं ते काम सोडून दिलं. जर्मनीत हॅम्बुर्गला १९३६ साली एक स्मारक उभारलं गेलं. या किरणांपायी गेलेल्या डॉक्टरांची आणि कामगारांची दीडशेहून अधिक नावं तेव्हाच त्यावर कोरली होती. नातीनं फोटो दाखवला तेव्हा मी उगीचच मनात एक नाव आणखी घातलं.

आता लेसर. १६ मे १९६० रोजी अमेरिकेत मालिबू इथे थिओडोर मेमननं माणकाच्या कांडीतून पहिला लेसर झोत काढला. साध्या दिव्याचा उजेड म्हणजे यात्रेतली गर्दी, लेसर म्हणजे पावलात पाऊल टाकून चालणारी पलटण. पलटण एकत्र चालते म्हणून तिला एका टाचणीच्या टोकावर आणता येतं. पण रंग लालच. लाल उजेडाच्या प्रत्येक कणाची, म्हणजे फोटॉनची, ऊर्जा जेमतेम दीड-दोन इलेक्ट्रॉन-व्होल्ट. दवाखान्यातल्या क्ष-किरणांची हजारोंत. गॅमा किरणांची लाखांत आणि त्याहून पुढे.

मी नातीला म्हटलं, "म्हणजे दीड-दोन रुपयांची नाणी टाकायची आणि दहा लाखांची नोट बाहेर यायची?"

"हो," ती म्हणाली. "पण नाणी इतकी टाकायची, इतकी टाकायची, आणि सगळी एका क्षणात."

हे 'इतकी एका क्षणात' जमवायला २५ वर्षं लागली. मधल्या काळात एक खूण मात्र दिसली होती. १९७७ साली अमेरिकेत लिव्हरमोर इथे अणुसंमीलनासाठी २० झोतांचा एक प्रचंड लेसर सुरू झाला. त्याचं नाव ठेवलं होतं शिव! अनेक हातांचा देव म्हणून. या झोतांनी लक्ष्याचा प्लाझ्मा व्हायचा. प्लाझ्मा म्हणजे अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटून दोघांचं झालेलं तप्त मिश्रण. सूर्य प्लाझ्माच आहे, विजेचा लोळही. या प्लाझ्मातून काही इलेक्ट्रॉन अपेक्षेपेक्षा फारच तापून निघत आणि त्यांच्यामुळे कडक क्ष-किरणही. शास्त्रज्ञांना ते नको होतं, कारण त्या इलेक्ट्रॉननी इंधन वेळेआधीच तापायचं. पुढच्या लेसरमध्ये उजेडाचा रंग बदलून त्यांनी ही कटकट कमी केली. एका पिढीची कटकट हाच पुढच्या पिढीचा विषय होतो, हे इतिहासात किती वेळा बघितलंय!

खरी अडचण वेगळीच होती. झोत फार जोरकस केला की तो ज्या काचेतून वाढवायचा तीच काच फुटायची. १९८५ साली अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठात जेरार मुरू आणि त्यांची विद्यार्थिनी डोना स्ट्रिकलंड यांनी वाट काढली. झोताचा छोटा ठोका आधी ताणून लांब करायचा. त्यांनी तो सुमारे १.४ किलोमीटर लांबीच्या काचतंतूतून पाठवला. लांब झाला की त्याचा जोर उतरतो, मग काचेला धक्का न लावता तो वाढवायचा आणि शेवटी बारीक रेघांच्या दोन जाळ्यांवरून नेऊन पुन्हा आवळायचा. पीठ आधी सैल भिजवायचं, मग मळून घट्ट करायचं, असं मी माझ्यापुरतं समजून घेतलं. रडारमध्ये अशी युक्ती आधीपासून वापरत होते. उजेडाला ती अशी लावणं हे यांचं काम. स्ट्रिकलंडबाईंचा तो पहिलाच शोधनिबंध, जेमतेम तीन पानांचा! २०१८ साली दोघांना नोबेल मिळालं. मेरी क्युरी १९०३, मारिया गोपर्ट मायर १९६३ आणि त्यानंतर या तिसऱ्या. भौतिकशास्त्रात बाईला नोबेल मिळायला मध्ये ५५ वर्षं गेली.

या युक्तीनंतर खोलीत मावेल असा लेसर एका क्षणापुरता अफाट जोर दाखवू लागला. क्षण म्हणजे किती? फेम्टोसेकंद हे त्यांचं माप. एका सेकंदाचे एकावर १५ शून्यं इतके तुकडे केले तर त्यातला एक. १९९२ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात १२० फेम्टोसेकंदांचा एक ठोका घन लक्ष्यावर रोखला. ठोक्याची एकूण ऊर्जा किती? एक रुपयाचं नाणं मीटरभर उचलायला लागेल साधारण तेवढी. पण ती इतक्या कमी वेळात आणि इतक्या छोट्या जागेत ओतली, की दर चौरस सेंटिमीटरला एकावर १८ शून्यं इतक्या वॉटचा मारा झाला. डोक्यावरच्या उन्हाचा मारा एक वॉटच्या साधारण दहाव्या हिश्शाचा असतो, त्याच्याशी ताडून बघा. त्या लक्ष्यातून जे क्ष-किरण निघाले त्यांची ऊर्जा दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टच्याही पलीकडे गेली होती. दीड रुपयाच्या नाण्यातून दहा लाखांची नोट.

हे कसं होतं ते नातीनं ताटातल्या वाटाण्यावर दाखवलं. उजेड ही विजेची आणि चुंबकत्वाची लाट. लाट इतकी जोरकस झाली की आधी ती अणूंतून इलेक्ट्रॉन उपटून काढते, जागच्या जागी प्लाझ्मा तयार होतो. मग त्या सुट्या इलेक्ट्रॉनला ती इतक्या जोरात हलवते की एका हिसक्यात त्याचा वेग प्रकाशाच्या वेगाजवळ जातो, आणि लाटेचं चुंबकत्व त्याला पुढे लोटतं. असा पळत सुटलेला इलेक्ट्रॉन लक्ष्याच्या आतल्या अणूंजवळून जातो आणि...

"आणि ब्रेक लागतो," मी म्हटलं.

"बरोब्बर!"

म्हणजे शेवटी रॉन्टगेनचीच नळी की! त्याच्या नळीत इलेक्ट्रॉनला पळवायला विजेचा दाब होता, इथे ते काम उजेड करतो. ९७ वर्षांनी त्याच दारात दुसऱ्या रस्त्यानं येऊन पोचले. हे कळलं तेव्हा मला बरं वाटलं आणि थोडी धास्तीही वाटली. किरण तेच असतील तर काकांचा हातही तोच.

पुढे झेप वाढतच गेली. १९९६ साली लिव्हरमोरला पेटावॉट लेसर झाला, म्हणजे एकावर १५ शून्यं इतके वॉट. जगातली सगळी वीजकेंद्रं मिळून देतात त्याच्या शेकडो पट, अर्थात निमिषाच्याही निमिषापुरते. तो सोन्याच्या लक्ष्यावर रोखला तेव्हा निघालेल्या गॅमा किरणांनी युरेनियमचे अणू फोडले. इंग्लंडमध्ये व्हल्कन नावाच्या लेसरनंही तसंच करून दाखवलं. दोन्ही निबंध २००० साली आले. उजेडानं अणूचा गाभा फोडला, असं म्हटलं तर चूक होणार नाही, फक्त मध्ये इलेक्ट्रॉन आणि गॅमा किरण असे दोन मध्यस्थ.

घन लक्ष्याऐवजी वायू घेतला तर तऱ्हा वेगळी. सांगलीला कृष्णेत होड्यांच्या शर्यती बघितल्या असतील तर आठवा. होडी पुढे जाते आणि मागे लाटा उठतात. लेसरचा ठोका वायूच्या प्लाझ्मातून जाताना तशाच लाटा मागे सोडतो, आणि त्या लाटेवर स्वार होऊन इलेक्ट्रॉन वेग घेतात. ही कल्पना तोशिकी ताजिमा आणि जॉन डॉसन यांनी १९७९ सालीच कागदावर मांडली होती, तेव्हा तसा लेसरच नव्हता. २००४ साली इंग्लंड, फ्रान्स आणि अमेरिकेतल्या तीन गटांनी एकाच वेळी असे नीटस इलेक्ट्रॉन-झोत काढून दाखवले, तेही काही मिलिमीटर अंतरात. त्याच वर्षी पॅरिसजवळ पालेझो इथे आणखी एक गोष्ट दिसली. लाटेवर स्वार झालेला इलेक्ट्रॉन सरळ जात नाही, नागमोडी जातो, आणि प्रत्येक वळणाला क्ष-किरण सोडतो. इथे पूर्ण ब्रेक लागायचीही गरज नाही, वळण पुरतं. अशा किरणांनी हाडाच्या आतली जाळी बघण्याचे प्रयोग इंग्लंडमध्ये झाले आहेत. काकांच्या पडद्यापासून इथवर!

आपल्याकडेही हे काम चालतं. मुंबईला कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जी. रवींद्र कुमार यांचा गट यात आहे. इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रातही असे लेसर आहेत. कुलाब्याच्या गटानं २००३ साली दाखवलं की लक्ष्यावर तांब्याच्या अतिसूक्ष्म कणांचा थर दिला तर गुळगुळीत तांब्यापेक्षा कडक क्ष-किरण कितीतरी जास्त निघतात. खडबडीत पृष्ठभागावर उजेड जास्त मुरतो. पुढे त्याच संस्थेत एम. कृष्णमूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लक्ष्यावर चक्क ई. कोलाय जिवाणूंचा थर दिला आणि किरण अनेक पटींनी वाढवले. हे ऐकून मी इतकी हसले की नातीनं फोन कानापासून लांब धरला असणार. आपण ज्याला भिऊन पाणी उकळून पितो, ते तिथे कामाला लावलंय!

आणि ब्रेकची गोष्ट पुढे चालूच आहे. २०१८ साली इंग्लंडमधल्या जेमिनी लेसरवर असा प्रयोग झाला. एका झोतानं इलेक्ट्रॉन पळवले आणि दुसरा झोत त्यांच्या तोंडावर सोडला. इलेक्ट्रॉननी गॅमा किरण टाकले आणि त्यांचा स्वतःचा दम मोजता येईल इतका उतरला. म्हणजे आता भिंतही नको, उजेडच ब्रेक झाला. रुमानियात मागुरेले इथल्या लेसरनं २०१९ साली १० पेटावॉट गाठले. जग इथे येऊन उभं आहे.

हे सगळं ऐकल्यावर मी नातीला सरळ विचारलं, "मग आजीची भीती खोटी नाही तर."

"खोटी नाहीच," ती म्हणाली. "म्हणून तर बिल्ला आहे."

मग तिनं जे सांगितलं ते मला सगळ्यात मोलाचं वाटलं. ठोका सुटतो तेव्हा आत कुणी नसतं. दार उघडं असेल तर लेसर सुटतच नाही. मध्ये शिसं आणि काँक्रीट असतं. बिल्ला कुणाला वाचवत नाही, तो फक्त हिशेब ठेवतो. आणि हा साधा बिल्ला इथे फार उपयोगी. टिकटिक करणारं मोजणी-यंत्र या प्रयोगात फसतं. सगळे किरण एकाच निमिषात येतात, आणि कोट्यवधी आले तरी यंत्राला एकच टिक ऐकू येते. एका दमात सगळा वर्ग 'हजर' ओरडला तर मास्तर मोजणार कसे? बिल्ल्यातल्या स्फटिकाचं तसं नाही. त्यात ऊर्जा साठत जाते. दर तीन महिन्यांनी तो तापवतात, मग स्फटिक मंद उजळतो, आणि जितका उजेड तितके किरण लागले असं गणित. उजेडातून निघालेले किरण शेवटी पुन्हा उजेड होऊनच साक्ष देतात.

काकांजवळ साक्ष द्यायला स्वतःची बोटं होती. खरं म्हणजे १९५०च्या दशकात या किरणांचा धोका जगाला ठाऊक होता. हॅम्बुर्गचं स्मारक उभं राहून किती वर्षं झाली होती! शिशाचे हातमोजे मिळत होते. फक्त ते ज्ञान आमच्या काकांच्या खोलीपर्यंत कुणी आणलं नाही. माझ्या मते काका किरणांनी गेले नाहीत. कुणी मोजलं नाही म्हणून गेले. पन्नासहून जास्त वर्षं मी किरणांना दोष देत होते.

बहिणीला फोनवर हे सगळं तासभर सांगितलं. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "ताई, तुझं लेसर-बिसर राहू दे. बिल्ला तिनं विसरून घरी आणला. म्हणजे दोन दिवस का होईना, तो तिच्या कामाच्या जागी नव्हता. तिला त्याबद्दल बोललीस का?"

नव्हते बोलले. मी इतिहासात रमले आणि मुद्द्याचं बहिणीनं पकडलं. दुसऱ्या दिवशी नातीला फोन करून चांगलं झापलं. 'सोड' म्हटलं नाही. बिल्ला लॅबमध्ये ठेवल्याशिवाय बाहेर पडायचं नाही आणि लावल्याशिवाय आत जायचं नाही, एवढं वदवून घेतलं. आता दर तीन महिन्यांनी तिचा आकडा आला की ती आधी आजीला कळवते. बहीण तो कालनिर्णयच्या मागे लिहून ठेवते.

नातीची एक मागणी आहे. तिला काकांचा फोटो हवाय, लॅबमधल्या तिच्या टेबलावर लावायला. माझ्याजवळ आहे त्यात त्यांनी उजवा हात कोटाच्या खिशात घातलाय. १९६४च्या आधीचा, दोन्ही हात दिसणारा फोटो आपल्यापैकी कुणाच्या ट्रंकेत, अल्बममध्ये असेल तर कृपया पाठवा.